भरल्या पाण्याचं औषध

गुणवंतीने उभ्या जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही आणि त्यावाचून तिचं कधी काही अडलंही नाही. मच्छीमार नगरातल्या दारातून बंदरावर एक नजर टाकली की काम भागायचं. होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या असल्या की सुकती. सरळ उभ्या राहून डुलायला लागल्या की भरती. वर तिथी ठाऊक असली की किती वाजले ते ती बोटावर सांगायची. नवरा रघू याच हिशेबाने पस्तीस वर्षं समुद्रावर गेला आणि आता गुडघे गेले म्हणून दारात बसून जाळी सांधतो. मुलगा दीपेशही याच हिशेबाने जातो, मोबाइलमध्ये तो काही का बघेना.

सून मात्र घड्याळवाली. रुचिका वरळी कोळीवाड्याची, बारावी शिकलेली, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण. पहाटे चारला ती टोपली घेऊन ससून डॉकला जायची, लिलावात मासळी घ्यायची आणि कुलाबा मार्केटात दुपारपर्यंत विकायची. मार्केटातली ती जागा मूळची गुणवंतीची. तीस वर्षं तिथे बसून तिने लग्नं लावली, घर उभं केलं, आणि सून आल्यावर स्वतःच्या हाताने तिला तिथे बसवलं. त्या साली थंडीत बोंबील रुसला होता. जाळ्यात मासळी कमी आणि अंगाची आग करणारी झार, म्हणजे जेलीफिशच जास्त. दीपेश मग दुसऱ्याच्या ट्रॉलरवर आठ-आठ दिवस लांब जायला लागला. घर दोघी बायकांवर आलं, आणि साडेचार महिन्यांची मनू सकाळभर आजीवर.

मनू जन्मली तेव्हा नितळ होती. बारसं झालं आणि डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर डास चावल्याएवढा लाल ठिपका दिसला. तीन महिन्यांत तो करवंदाएवढा फुगला. पापणी खाली आली आणि डोळा मिटला तो उघडेच ना. मार्केटात शेजारी बसणारी कमलाबाई म्हणाली, "पोटुशी असताना ग्रहणात मासळी कापली असशील गो."

"ग्रहणात कापून असं होतं ना कमलामावशी, तर अख्खं कुलाबा मार्केट लाल डोळ्यांचं झालं असतं," रुचिका म्हणाली आणि पापलेट कापायला लागली. पण त्याच आठवड्यात तिने मनूला परळच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात नेलं. सोबत गुणवंतीही गेली.

तिथल्या मोठ्या डॉक्टर म्हणजे कालिंदी मॅडम. बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मनूची पापणी बोटाने उचलून बघितली आणि म्हणाल्या, "ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे. पुष्कळ बाळांना होते, आपली आपण जातेही. दुसरीकडे कुठे असती तर मी म्हटलं असतं, थांबू या. पण डोळा असा झाकलेला राहिला, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. मग उद्या गाठ गेली, डोळा उघडला, तरी त्याला दिसणार नाही. थांबायला वेळ नाहीये आपल्याकडे."

"मग कापणार काय?" गुणवंतीने विचारलं.

"नाही आजी. औषध आहे, तोंडाने द्यायचं. मूळचं ते मोठ्या माणसांचं, ब्लडप्रेशरचं, हृदयाचं. त्याने गाठ ओसरते. पण बाळाचं हृदयही त्याने जरा सावकाश चालायला लागतं, म्हणून सांभाळून द्यावं लागतं."

गुणवंतीला हे उलटंच वाटलं. गाठ डोळ्यावर आणि औषध काळजाला, हा कुठला न्याय? पण विचारायचं कुणाला? पोरीच्या छातीला वायरी लावून हृदयाचा कागद काढला, सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवलं, इवल्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. सगळं ठीक निघालं. दोन दिवस वॉर्डात ठेवून, दर डोसानंतर मोजून मापून औषध सुरू केलं. घरी सोडताना प्रिती सिस्टरने बिनसुईची सिरिंज दाखवली आणि पढवलं. दीड मिली सकाळी सातला, दीड मिली संध्याकाळी सातला. मध्ये बारा तास. आधी दूध, मग औषध. दूध प्यायली नाही, ओकली, जुलाब लागले, तर तो डोस सोडायचा, कारण रिकाम्या पोटी रक्तातली साखर उतरते. रुचिकाने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. गुणवंतीने मान डोलावली.

घरी आल्या ती अष्टमी होती. संध्याकाळचा डोस रुचिकाचा, सकाळचा गुणवंतीचा, असं ठरलं. पहाटे रुचिका पाजून, बाटलीत दूध काढून ठेवून जायची. कमी पडलं तर डब्याचं.

आता इथे गुणवंतीची सासू मध्ये आली. तिला जाऊन बावीस वर्षं झाली, पण तिचं म्हणणं घरातून काही गेलं नव्हतं. ती म्हणायची, माणूस जातं ते सुकतीला. म्हणून काढा असो, गोळी असो, पाणी पुरं भरलं की द्यावी, म्हणजे अंगात भरते. सुकतीला दिलेलं औषध पाण्याबरोबर उतरून जातं आणि अर्ध्या पाण्याला दिलं तर अर्धंच लागतं. रघूला कावीळ झाली तेव्हा गुणवंतीने असंच भरल्या पाण्याला औषध दिलं होतं आणि माणूस उठून बसला होता. यावर आणखी पुरावा तो कसला हवा?

अष्टमीला पाणी भरलं सातच्या सुमाराला. सिस्टरची वेळ आणि समुद्राची वेळ एकच पडली. गुणवंतीला वाटलं, चला, देवच मागे उभा आहे. पण पाणी कुणासाठी थांबत नाही. ते रोज पाऊण तास पुढे सरकतं. नवमीला पावणेआठ, दशमीला साडेआठ. गुणवंती सिरिंज भरून, दारात बसून, होड्यांकडे बघत राहायची. होडी पुरी वर आली, दोर ताणला गेला की ती आत वळायची.

दशमीला साडेसातलाच मार्केटातून रुचिकाचा फोन आला. मागे कोयत्यांची खटखट आणि गिऱ्हाइकांचा कलकलाट. "आई, औषध दिलं?"

पाणी अजून धक्क्याच्या दोन पायऱ्या खाली होतं. "दिलं गो," गुणवंती म्हणाली.

"दूध प्यायली ना?"

"प्यायली, प्यायली. तू धंदा बघ."

फोन ठेवल्यावर तिला जरा चुटपुट लागली. पण तासाभरात द्यायचंच आहे, मग दिलं काय आणि देते काय, असं म्हणून तिने ती झटकून टाकली. दुसऱ्या दिवशी चुटपुटही लागली नाही.

आणि गंमत अशी की औषध लागू पडत होतं. द्वादशीपर्यंत त्या गाठीचा भडक लाल रंग विटून जांभळट झाला. त्रयोदशीला पापणी दोऱ्याएवढी उघडली आणि आतून मनूचं काळंभोर बुबुळ इकडेतिकडे हललं. रुचिका पोरीला उजेडात धरून हसली, रडली, दीपेशला फोटो पाठवायला गेली तर त्याला रेंज नव्हती. गुणवंतीने रघूजवळ जाऊन हळूच सांगितलं, "भरल्या पाण्याला देते मी. उगाच नाय उघडला डोळा."

रघूने जाळ्यातून सुई काढली. "डॉक्टरणीने तसं सांगितलंय काय?"

"डॉक्टरीण काय कोळ्याची हाय, तिला पाणी कळायला?"

"मग तिला विचारून तरी घे."

"तुम्ही जाळं बघा," गुणवंती म्हणाली. रघू गप्प झाला. संसारात तो असाच गप्प होत आला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाणी साडेअकराला भरलं आणि औषध साडेअकराला गेलं. संध्याकाळचं मात्र रुचिकाने घड्याळ बघून सातला दिलं. त्या रात्री मनूचं नाक चोंदलं. पहाटे ती किरकिरी होती. रुचिका तिला कशीबशी पाजून गेली आणि जाताना बजावलं, "सर्दी आहे, आई. नीट प्यायली नाही तर औषध देऊ नका हां."

आता त्या दिवशी घरात काम नेमकं उरावर आलं होतं. कुणाच्या तरी जाळ्याला एकदम बोंबील लागला, तसा रुचिकाने दोन टोपल्या स्वस्तात उचलून घरी पाठवला होता. सुकवायचा बोंबील ताजाच टांगावा लागतो. दोन बोंबलांची तोंडं एकात एक अडकवून, बांबू-दोऱ्यांच्या वलांडीवर गुणवंती जोडीजोडीने टांगत गेली. कावळे हाकलायचे, मांजर हाकलायची, मध्येच मनूला बघून यायचं. दहा वाजता बाटली तोंडाला लावली तर पोरीने दोन घोट घेतले, नाक चोंदलेलं म्हणून मान फिरवली आणि झोपली.

सव्वाबाराला पाणी काठोकाठ भरलं. पुनवेचं पाणी. गुणवंतीने हात पुसले, सिरिंज भरली. पोर गाढ झोपली होती. उठवून पाजावं, असं एकदा मनात आलं. पण उठली तर रडेल, नाक आणखी चोंदेल, आणि तोवर पाणी वळेल. दोन घोट तर प्यायलीच होती की. तिने सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यात घातलं आणि थेंब थेंब सोडलं. मनूने झोपेतच गिळलं. किती शहाणी माझी बाय, म्हणून गुणवंतीने तिच्या कपाळावर हात फिरवला आणि वलांडीकडे गेली.

दोन वाजता तिने दारातून विचारलं, "उठली काय?"

"झोपलीय," रघू म्हणाला.

अडीचला रुचिका आली. दुधाने छाती ताठलेली, पाय धुवून ती तशीच पोरीला घ्यायला वाकली. मग तिची हाक आली ती गुणवंतीच्या काळजातून आरपार गेली. मनूचा झबला घामाने ओला होता आणि अंग गार. मान एका बाजूला लोंबत होती. उघडा डोळा अर्धा मिटलेला, बघत नव्हता. गुणवंती धावत आली. हातांना खवले, बोंबलाचा बुळबुळीतपणा.

"हात नका लावू!" रुचिका ओरडली. "नुसता वास येतोय हातांना."

गुणवंती दोन्ही हात वर धरून तशीच उभी राहिली. रुचिकाने सिस्टरला फोन लावला. पलीकडून प्रिती सिस्टर म्हणाली, साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना लाव आणि आधी जवळच्या हॉस्पिटलात पळ, इथे यायला वेळ घालवू नकोस. रघू गुडघे विसरून रस्त्यापर्यंत गेला आणि टॅक्सी घेऊन आला. टॅक्सीवाल्याने गुणवंतीला बघून नाक मुरडलं, चारी काचा खाली केल्या. एरवी तिने त्याचा बाप काढला असता. आज ती अंग चोरून बसली.

जवळच्या हॉस्पिटलात मनूच्या टाचेला टोचून रक्त काढलं. साखर अडतीस. छातीचे ठोके मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. तिथला डॉक्टर म्हणाला, एवढ्या बाळाचे सव्वाशेच्या आसपास हवेत. नळीतून साखर चढवली तशी तासाभराने मनू रडली. बारीकच रडली, पण रडली. संध्याकाळी अँब्युलन्सने तिला परळला हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदी मॅडम आल्या. बरोबर चार शिकाऊ डॉक्टर. मनूच्या छातीला पुन्हा वायरी होत्या आणि वरच्या पडद्यावर हिरवा आकडा एकशे अठरा, एकशे वीस असा हलत होता. मॅडमनी कागद चाळले, छाती ऐकली, पापणी उचलून बघितली.

"डोळ्याला इतका छान गुण येत होता," त्या म्हणाल्या. "रुचिका, मला सगळं सांग. डोस किती, कधी, कसा."

"दीड मिली, मॅडम. सकाळी सातला आई देतात, संध्याकाळी सातला मी. एकदाही चुकवला नाही."

"दूध पाजूनच?"

"दूध पाजूनच. मी रोज फोन करून विचारते."

मॅडमनी पडद्यावरचा आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "एवढ्या कमी डोसाला, वेळेवर आणि भरल्या पोटी देऊन ठोके अठ्ठ्याहत्तरवर येत असतील, तर हिच्या हृदयाला हे औषध सोसत नाही असंच मला धरावं लागेल. बंद करू."

"आणि डोळा?" रुचिकाने विचारलं.

"दुसरी औषधं आहेत, पण ती इतकी चांगली नाहीत आणि त्यांचे त्रासही वेगळे. डोळ्याचं मी वचन देऊ शकत नाही."

गुणवंती भिंतीला टेकून उभी होती. ते 'बंद करू' ऐकून तिला आधी हायसंच वाटलं, खोटं कशाला बोला. सुटलो. पोर जगली, औषध गेलं, कुणाला काही कळायचं नाही. ठाऊक होतं ते एका रघूला, आणि रघू बोलणारा नव्हे. आता ती बोलली तर काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. दीपेश तोंड बघणार नाही. वस्तीत नाव होईल, कमलाबाई चार जणींत हातवारे करून सांगेल, आजीनेच घालवलं होतं नातीला. आणि रुचिका पोरीला उचलून वरळीला जाईल ती परत मांडीवर द्यायची नाही. या शेवटच्याची गुणवंतीला सगळ्यांत जास्त भीती वाटली. एक डोळा नसलेल्या बायका काय जगत नाहीत? संसार करतात, धंदा करतात. तिने तोंड मिटूनच ठेवलं.

मॅडम जायला निघाल्या आणि दारात वळल्या. "रुचिका, एक विचारते, रागावू नकोस. तू पहाटेपासून काम करतेस. संध्याकाळचा डोस भरताना कधी चूक झाली असेल का? दीडच्या जागी अडीच?"

रुचिका नाही म्हणणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. रात्रभर ती खुर्चीत बसून होती, डोळे सुजले होते. "झाली असेल, मॅडम," ती म्हणाली. "मी थकलेली असते. लाइट पण कमी असते घरात. मला... मला नक्की नाही सांगता येत. झाली असेल माझ्याकडून."

"नाय झाली," गुणवंती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "तिच्याकडून नाय झाली. माझ्याकडून झाली. मी सातला देतच नव्हते."

"मग कधी देत होता?" मॅडम परत आत आल्या.

"पाणी भरल्यावर."

"कसलं पाणी?"

गुणवंतीला पुढचं सांगता येईना. एक शिकाऊ पोरगा ओठ दाबून हसू आवरत होता, ते तिला दिसलं. मॅडमना कळलं नव्हतं. पण रुचिकाला कळलं. शेवटी कोळ्याचीच पोर ती. टेबलावरचा कागद तिने ओढला, डॉक्टरांच्याच पेनाने लिहायला लागली आणि लिहिता लिहिता बोलत गेली, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा कोरड्या आवाजात.

"भरतीला, मॅडम. भरती रोज पाऊण तास पुढे जाते. अष्टमीला सात. नवमीला पावणेआठ. दशमीला साडेआठ, एकादशीला सव्वानऊ. बारशीला दहा. मग पावणेअकरा, साडेअकरा. काल पुनव. सव्वाबारा." तिने मान वर करून सासूकडे बघितलं. "बरोबर?"

"बरोबर."

"आणि काल दूध?"

"दोन घोट. झोपेतच दिलं औषध."

"परवा साडेअकराला दिलंत तुम्ही, आणि मी सातला. रोज मला सांगत होता, दिलं."

गुणवंतीने मान खाली घातली.

मॅडमनी तो कागद घेऊन उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग शिकाऊ पोरांना म्हणाल्या, "बघा. सर्दीने बाळ नीट प्यायलेलं नाही, परवाचे दोन डोस साडेसात तासांवर आलेत, आणि कालचा उपाशीपोटी. साखर पडणारच, ठोके उतरणारच. यात हृदयाचा दोष कुठे आला?" गुणवंतीकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, हे सांगायला रात्रभर का थांबलात?"

"भीती वाटली."

"पोर हातची गेली असती. कळतंय ना?"

"कळतंय."

मॅडमनी पुन्हा हृदयाचा कागद काढायला सांगितला, सोनोग्राफी सांगितली. दुपारी त्या येऊन म्हणाल्या, हृदय उत्तम आहे. सर्दी उतरू दे, मग इथेच अर्ध्या डोसाने परत सुरू करू.

रुचिका गुणवंतीशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी व्हरांड्यात चहाचा कप हातात असताना एकदम फुटली. "मी काय वाईट केलं होतं तुमचं? भरतीचं मी नको म्हटलं असतं, म्हणून मला विचारलं पण नाहीत ना? माझीच चूक असेल म्हणून मी रात्रभर मरत होते, आई. आणि तुम्ही बाजूला बसून होता. मला तुमचा इतका राग आलाय की तुमच्याकडे बघवत नाही."

"नको बघू," गुणवंती म्हणाली. "पण पोरीला वरळीला नेऊ नको गो."

रुचिकाने चहा न पिताच कप ठेवला. "वरळीला माझी आई पण डॉकवरच असते. तिथे कोण बघणार? राग आला म्हणून दुसरं माणूस कुठून आणू मी?"

चौथ्या दिवशी औषध पुन्हा सुरू झालं. सहाव्या दिवशी घरी सोडायच्या आधी प्रिती सिस्टर म्हणाली, आता जो औषध देईल त्याने आधी ठोके मोजायला शिकायचं. पूर्ण एक मिनिट. शंभरच्या खाली आले तर औषध द्यायचं नाही, फोन करायचा. "सकाळचं कोण देणार?"

"ह्याच," रुचिका म्हणाली. "ह्यांना शिकवा."

सिस्टरने गुणवंतीचा कान मनूच्या छातीला लावला. एवढ्याशा पिंजऱ्यात केवढी ती घाई! सिस्टर मिनिटावर नजर ठेवून होती. गुणवंतीचा आकडा तिसापुढे अडखळला, चाळिसापुढे सुटला. परत घेतलं, परत सुटला. सिस्टर म्हणाली, "आजी, शंभरपर्यंत येतात ना आकडे?"

"थांब गो," गुणवंती म्हणाली. तिसऱ्यांदा तिने कान लावला आणि मार्केटात मासळी मोजायची तसं मोजलं. वीस झाले की एक कोडी, एक बोट मुडपायचं. मिनिट संपलं तेव्हा एका हाताची पाची बोटं मिटली होती आणि दुसऱ्या हाताचं एक. "सहा कोडी आणि दोन," ती म्हणाली.

सिस्टरने पडद्याकडे बघितलं. तिथे एकशे एकवीस होते. "म्हणजे पाच कोडीच्या खाली आलं की..."

"औषध नाय. फोन."

रुचिका कपडे पिशवीत भरत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

घरी आल्यावर रघूने एक घड्याळ आणून भिंतीला ठोकलं. सेकंदाचा काटा खाली आला की अर्धं मिनिट, परत वर गेला की पूर्ण, एवढं त्याने बायकोला दाखवलं. रुचिका आता सातला फोन करून औषध दिलं का असं विचारत नव्हती. "किती?" एवढंच विचारायची. सहा कोडी, पाच कोडी आणि बारा, जे असेल ते गुणवंती सांगायची. "ठीक," म्हणून फोन बंद. मनूची पापणी हळूहळू वर जात होती. दीपेश दोन दिवस घरी येऊन गेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, आईशी एक शब्द बोलला नाही आणि परत ट्रॉलरवर गेला.

नवव्या दिवशी सकाळी मनू बाटलीभर दूध प्यायली आणि खांद्यावरच पेंगली. गुणवंतीने तिला खाली ठेवून कान लावला. चार कोडी आणि सोळा. तिचा विश्वास बसेना. परत मोजलं. चार कोडी आणि अठरा. अंग मात्र गरम होतं, श्वास चांगला होता, पोट भरलेलं होतं. दोनच ठोके कमी, कुणाला कळणार होतं? दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं, असं तिला वाटूनही गेलं. तिने सिरिंज ताटलीत ठेवली आणि फोन उचलला.

"रुची, पाच कोडीच्या खाली हाय. दोनदा मोजलं. नाय दिलं औषध."

"आले," रुचिका म्हणाली.

दहा मिनिटांत ती आली ती धावतच. ओला एप्रन, हातावर बर्फाची लाली, धंदा कमलाबाईवर टाकलेला. वाटेत सिस्टरला विचारून झालं होतं. झोपेत ठोके उतरतात, बाळाला जागं करून पाव तासाने परत मोजायचं. रुचिकाने हात साबणाने धुतले, मनूला उचललं, बोलतं केलं, थोडं पाजलं. मनूने दोन्ही डोळे उघडले. डावा अजून उजव्याहून लहान होता, पण आईच्या तोंडावर नीट लागलेला होता. पाव तासाने रुचिकाने स्वतः कान लावला, मोबाइल समोर धरला आणि ओठ हलवत मोजलं.

"एकशे चौदा," ती म्हणाली आणि पोरीला गुणवंतीपुढे धरलं. "तुम्ही मोजा."

गुणवंतीने मोजलं. "पाच कोडी आणि चौदा."

रुचिकाने सुटकेचा श्वास सोडला. ताटलीतली सिरिंज तिने उचलली, उजेडात धरून दीडची खूण बघितली आणि सासूच्या हातात दिली.

"द्या," ती म्हणाली.

गुणवंतीला भडभडून आलं. पण हात हलला असता, म्हणून तिने रडू तेवढ्यापुरतं गिळलं, मनूच्या गालात टोक सरकवलं आणि औषध हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत आत सोडलं.